भिंतीवरचं घड्याळ

डोळ्यांच्या दवाखान्यात म्हाताऱ्या शिंप्याच्या डोळ्यांत थेंब घालून त्याला डोळे मिटून बसवलं होतं. डोळ्यांना काम नसलं की कान भलतेच चौकस होतात. शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या डोळ्यांतही थेंब होते, म्हणून सोबतची बाई तिला सुपरहीरोचं कॉमिक वाचून दाखवत होती.

“मावशी, चित्रंही सांग ना. तो उडत घरी आला, मग?”

“मग खुर्चीत बसलाय. मागे भिंतीवर घड्याळ आहे.”

“घड्याळ नाही, तिथे त्याच्या बायकोचा फोटो असतो. ती वारली ना.”

“या अंकात घड्याळच आहे गं.”

“तू राहायला आल्यावर बाबांनी आईच्या फोटोच्या जागी लावलंय, तसं?”

“हो. तसंच.”

“म्हणजे लेखक बदलला. नवीन लेखक आला की आधीच्या बाईचं कुणी नावच काढत नाही.”

“नवीन माणसाला धीर होत नसेल. विषय कुठून काढावा, कळत नसेल.”

“आणि तो? तो विसरला तिला?”

“नाही गं. रात्री उठून बसतो. दिवासुद्धा लावत नाही.”

“असं लिहिलंय त्यात?”

पान उलटल्याचा आवाज काही शिंप्याला आला नाही.

“नाही,” बाई म्हणाली.