चौथ्या आणि पाचव्याच्या मधे

—नाही हो ताई, पडत-बिडत नाही लिफ्ट. चार वायर आहेत, एकेक मनगटाएवढी—बरं, अंगठ्याएवढी. आणि चारही तुटल्या तरी ब्रेक धरतो. पंखा चालू आहे ना? दिवा? मग झालं तर. तुम्ही चौथ्या आणि पाचव्याच्या मधे आहात, मी पाचव्यावर दाराला पाठ लावून बसलोय, फटीतून आवाज छान येतो तुमचा. तुम्हीही बसा. कोपऱ्यात स्टूल आहे बघा—मीच ठेवलंय. लिफ्टमध्ये स्टूल कशाला? बसायला! आणि त्या दोन्ही पिशव्या आधी खाली ठेवा, तिथे कोण चोरणारे? मेकॅनिक? मीच मेकॅनिक. चालू करायचा खटका वर गच्चीवरच्या खोलीत असतो, तिथे जावं लागतं—जातो, जातो ना. वीस मिनिटं. मोटर गार व्हायला लागतात. म्हणजे—लागतात असं समजा.

सातव्या मजल्यावर तुम्ही बसता ना, खिडकीपासून तिसरी खुर्ची, उजवा हात मोडलेली? त्या खुर्चीत तुमच्या आधी माझा मित्र बसायचा. हात खुर्चीचा मोडलाय, मित्राचा नाही. टॉवेल. आडनाव नाही हो, टॉवेलच म्हणतो आम्ही त्याला. शाळेत पोहायचा तास असायचा, तेव्हा सगळ्या वर्गाचे टॉवेल हा खांद्यावर घेऊन काठावर उभा. बत्तीस टॉवेल. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. कुणीतरी धरायला हवेत, म्हणाला. चार वर्षं उभा राहिला, पाण्यात एकदाही उतरला नाही. पुढेही तेच—तुमच्याच टेबलावर दिवसभर फोन घ्यायचा, लोकांची वॉशिंग मशीनं बिघडणार, शिव्या हा खाणार, आणि वर गोड आवाजात ‘आपली तक्रार नोंदवली आहे, क्रमांक लिहून घ्या.’ तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही तेच करता.

झालं काय होतं त्याला? काही नाही! हीच तर पंचाईत. काही झालं असतं ना ताई, पाय मोडला असता, घर जळलं असतं, तर माणसं जमली असती, डबे आणले असते. इथे काय सांगणार? पहाटे पाचला पाणी भरायचं. वडील अंथरुणाला खिळलेले, ते हाक मारत नाहीत, पेला भिंतीवर आपटतात. पोरांचा एक बूट सापडतो, दुसरा नाही—रोज! रोज तोच बूट! वहिनीची नोकरी दुपारची, हा घरी यायच्या आत ती बाहेर. आठवड्याचं बोलणं काय, तर ‘गॅस बंद केलास का.’ यात दुःख कुठलं? कुठलंच नाही. पण पाण्याच्या थेंबाने दगड झिजतो म्हणतात ना—कौतुकाने म्हणतात. दगडाला कुणी विचारतं?

मी विचारलं नाही. मी गंमती केल्या. मला तेवढंच येतं. त्याच्या डब्यात पोळीखाली नट-बोल्ट ठेवले, तर बाजूला काढून गप जेवला. त्याच्या ऑफिसात आवाज बदलून फोन केला, म्हटलं, माझ्याकडे एक मित्र आहे, जुनं मॉडेल, दोन वर्षं झाली, हसायचा बंद झालाय, दुरुस्ती होईल का? मग म्हणतो, ‘आपली तक्रार नोंदवली आहे. क्रमांक चव्वेचाळीस सतरा.’ ओळखलं होतं की नाही, देव जाणे. क्रमांक मी लिहून ठेवलाय. अजून आहे खिशात.

मग एकदा त्याला नुसता उशीर करावा म्हणून लिफ्ट मधेच थांबवली. हो—मुद्दाम. वीस मिनिटांनी बाहेर आला आणि त्याचा चेहरा, ताई, धुतल्यासारखा. म्हणाला, ‘बरं वाटलं रे. कुणी काही मागत नव्हतं.’ झालं, तेव्हापासून दर बुधवारी. साहेब ओरडू शकत नाहीत, वडील पेला आपटू शकत नाहीत, बूट शोधायचा नाही—लिफ्टच बंद, माणूस काय करणार! स्टूल तेव्हाचं. आणि दार मधे आलं की बोलायचा. समोरासमोर ‘बरा आहे’, दारामागून सगळं. पेल्याचं तेव्हाच कळलं मला. वीस वर्षांची दोस्ती, आणि कळलं ते लोखंडाच्या दारातून.

काय? आज बुधवार? हो, आज बुधवारच. … हो. तुमचीही मीच थांबवली. ओरडा. ओरडून घ्या. चुकलंच माझं, माणसाला न विचारता कोंडायचं म्हणजे… पण सकाळी खाली बघितलं तुम्हाला. लिफ्ट तीनदा आली, तीनदा तुम्ही सोडलीत. रिकामी होती तिन्ही वेळा. तोही तसंच करायचा.

बरं, खरं सांगतो, सगळं तुमच्यासाठी नाही केलं. मला सराव हवा होता. तुम्ही तिसऱ्या. पहिला पोस्टमन, त्याने वीस मिनिटं शिव्या दिल्या. दुसरे एक आजोबा, ते झोपले. सराव कशाचा? दाराशी बोलायचा. टॉवेलने घरी खोलीचं दार लावून घेतलंय. तीन आठवडे झाले. वहिनी ताट सरकवते, तो अर्धं खातो. मी रोज संध्याकाळी जातो, दाराला पाठ लावून बसतो, दोन विनोद सांगतो, उठून येतो. जे सांगायला जातो ते तोंडातून निघतच नाही.

शेवटच्या बुधवारी, इथेच, या दारामागून तो म्हणाला, ‘मला वर जायचं नाही रे. आणि खालीपण नाही.’ मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, ‘मग मधेच राहा, हवा बरी आहे.’ हसलो, एकटाच. तो नाही हसला. मग आत काहीतरी आवाज यायला लागला, पंखा घासतोय म्हटलं मी. मला माहीत होतं पंखा घासत नाहीये, पंख्याला मीच तेल घातलं होतं. तेवढ्यात खालून वॉचमन ओरडला, साहेब चिडलेत, लिफ्ट चालू कर—आणि मी उठलो. उठलो आणि गच्चीवर गेलो आणि खटका दाबला. त्याला तसाच, त्या अवस्थेत, वर पाठवला. मी धावत सातव्यावर पोचेपर्यंत फोन कानाला लावून बसला होता. ‘आपली तक्रार नोंदवली आहे.’ दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

तर आज म्हणणार आहे, ऐका, कसं वाटतं सांगा—दारावर टकटक करायची आणि म्हणायचं, चव्वेचाळीस सतराची चौकशी करायला आलोय, तक्रार करणाराच बिघडलेला निघाला… नाही ना जमत? विनोदच झाला परत. तुम्हीच सांगा, तुम्ही आत आहात, आतून काय ऐकावंसं वाटतं? म्हणजे समजा कुणी—

ताई?

ताई, पंखा घासतोय का?

… बरं. बरं, बरं. रडा. पिशवीला डोळे पुसू नका, स्टुलाखाली स्वच्छ फडकं आहे.

काय रे? ओरडू नकोस, ऐकू येतंय मला! साहेबांना सांग, जिन्याने या! बंद आहे लिफ्ट! नाही, मला नाही जमत वर जायला! का म्हणजे—बसलोय मी!

… तो वॉचमन होता. गेला. तुम्ही नका लक्ष देऊ. मी काही विचारत नाही. आता बोलतही नाही. इथेच आहे, दाराला पाठ लावून—कळतंय ना पाठ?

हा बघा. गप्प.