पट्टी पक्की बसली पाहिजे

ड्रायव्हर : खिडकी उघडू का, डॉक्टर? नको, राहू दे, रस्त्याचा धूर येईल. पंखा तरी वाढवा. या खुर्चीला पाठ टेकली की नुसती काहिली होते अंगाची.

नवरा : अगं, बस की जरा. आल्यापासून खोलीत येरझाऱ्या चालल्यात तुझ्या.

ड्रायव्हर : बसून काय करू? चारला डेपोत साहेबांना उत्तर द्यायचंय. तुम्हाला काय, तुमचं टायरचं दुकान कुठं पळून जात नाही. डॉक्टर, एकदा सांगून टाका, मी परत बस चालवू शकते की नाही? नाहीतर ते मला कायमची तिकिटाच्या खिडकीत बसवणार आहेत.

डॉक्टर : तेच शोधतेय. पण तुमचे हे दोन रिपोर्ट एकाच बाईचे वाटत नाहीत मला. पहिल्यात इस्ट्रोजेन इतकं वर होतं, की मी तुमच्या अंगावर चिकटवायच्या औषधाच्या पट्टीची ताकद निम्मी केली. आणि आता जवळजवळ तळाला. पट्टी निम्मी केल्यावर निम्मं व्हावं ना, इतकं कसं उतरलं? पट्टीच्या जोडीची रात्रीची गोळी घेताय?

ड्रायव्हर : नेमाने. एक चुकवलेली नाही.

डॉक्टर : आणि त्रास? रोज कसा असतो?

ड्रायव्हर : रोज सारखा असता तर मी त्याच्याशी जुळवून घेतलं असतं हो! नवी पट्टी लावली की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, छाती इतकी दुखते की सीटचा पट्टा सहन होत नाही. मग एखादा दिवस बरा. आणि पट्टी बदलायची वेळ येईतो भट्टी पेटलेली. घामाने उशी ओली, झोप नाही, डोक्यात नुसता धुरळा. पाळी गेली तेव्हाही इतकं नव्हतं. त्या दिवशी शाळेचा थांबा आला. मुलं हात करत होती. मला दिसत होती, डॉक्टर, आणि मी थांबलेच नाही. पुढच्या चौकात गेल्यावर कळलं, थांबायचं होतं.

नवरा : कुणाला काही झालं नाही.

ड्रायव्हर : झालं नाही हे नशीब. मला झालं ना! इतक्या वर्षांत एक थांबा सोडला नव्हता मी. संध्याकाळी स्वतःहून किल्ली ठेवली साहेबांच्या टेबलावर.

डॉक्टर : बरं. रक्त दिलंत तेव्हा पट्टी किती जुनी होती?

ड्रायव्हर : पहिल्या वेळी आदल्या रात्रीच लावली होती. दुसऱ्या वेळी त्याच संध्याकाळी बदलायची होती.

डॉक्टर : म्हणजे लावली की भसकन आत जातंय, आणि शेवटाला काही उरत नाही. पण या पट्टीतून औषध हळूहळू झिरपतं, तीन-चार दिवस सारखं. लावता कुठे?

ड्रायव्हर : मागे, कमरेखाली. माझा हात पोचत नाही नीट, हे लावून देतात. आधी मीच लावायचे, पण घामाने सुटायची. एकदा बसच्या सीटलाच चिकटून राहिली. पुढच्या पाळीचा ड्रायव्हर चिमटीत धरून घेऊन आला, ‘मॅडम, तुमचं काहीतरी राहिलंय.’ चारचौघांत! धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

नवरा : मग म्हटलं, हे काम माझ्याकडे दे. माझ्या हातची एक तरी सुटली का, विचारा तिला.

डॉक्टर : नाही सुटली?

नवरा : सुटेल कशी? चिकटवणं हा तर आपला धंदा. गुळगुळीत जागेवर काही धरत नाही, डॉक्टर. पंक्चर काढताना ट्यूबला आधी कानस मारावी लागते.

डॉक्टर : कानस?

नवरा : छे, छे! हिला कानस कशाला मारीन? पाय घासायचा दगड असतो ना, तो. हलक्या हाताने. कातडी लालसर झाली की स्पिरिटने पुसायचं, मग पट्टी. आणि वरून गरम पाण्याची पिशवी. ट्यूबलाही शेवटी गरम दाब देतोच आम्ही. त्याशिवाय पक्कं बसत नाही.

डॉक्टर : पट्टीवर गरम पाण्याची पिशवी.

नवरा : मध्ये टॉवेल घालून. भाजू नये म्हणून.

ड्रायव्हर : डॉक्टर, तुम्ही असं काय बघताय?

डॉक्टर : सापडलं म्हणून बघतेय. घासलेल्या कातडीतून औषध जास्त शिरतं, शेकाने आणखी. तीन-चार दिवसांचं बरंचसं पहिल्याच दिवसात संपतंय. आधी पूर, मग दुष्काळ. मी पूर बघून ताकद निम्मी केली, म्हणजे तुमचा दुष्काळच वाढवला. लावता कशी, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

ड्रायव्हर : थांबा. म्हणजे ती मुलं, माझी बस, हे सगळं त्या पिशवीपायी?

नवरा : मला वाटलं...

ड्रायव्हर : वाटलं! बायको आहे मी तुमची, ट्रकची ट्यूब नाही! पंखा पूर्ण सोडून, घामाने निथळत ती पिशवी सोसली मी. का, तर पट्टी सुटू नये. पाकिटात कागद असतो, तो वाचायचा नाही?

नवरा : तू तरी कुठे वाचलास?

ड्रायव्हर : मी कशाला वाचू? चिकटवण्यातलं यांना कळतं म्हणून निर्धास्त होते मी!

डॉक्टर : किती वेळ ठेवायचात पिशवी?

नवरा : तिला झोप लागेपर्यंत.

डॉक्टर : ट्यूबला लागतो इतका वेळ?

नवरा : नाही. ट्यूबचं लगेच होतं.

ड्रायव्हर : मग?

नवरा : आता इथे काय सांगायचं ते.

ड्रायव्हर : इथेच सांगा. माझी नोकरी जायची वेळ आलीय.

नवरा : वर्ष होत आलं, तू जवळ येऊ देत नाहीस. हात लागला की, सरका, उकडतंय. बाहेरच्या खोलीत झोपतेस. तुला त्रास होतो, मला कळतं, तक्रार नाही माझी. पण पट्टीच्या दिवशी तू पालथी पडायचीस आणि मी पिशवी धरून बसायचो. तू डेपोतलं सांगायचीस, कोण कुणाशी भांडलं, कुणाचा ब्रेक गेला. मला वाटायचं, आणखी थोडं बसावं.

ड्रायव्हर : अहो, मग तसं बोलायचं ना.

नवरा : बोललो असतो तर बसू दिलं असतंस?

डॉक्टर : पहिल्या ताकदीची पट्टी परत सुरू करू. घासायचं नाही, शेकायचं नाही, दर वेळी जागा बदलायची. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त, मी सांगेन त्या दिवशी. तोवर बस नको.

ड्रायव्हर : आणि नंतर?

डॉक्टर : नंतरचं वचन आज देत नाही. पण ‘कायमची खिडकी’ला आज हो म्हणू नका.

ड्रायव्हर : नाही म्हणणार. सांगते साहेबांना, दोन महिने तिकिटं फाडते, पण माझी किल्ली दुसऱ्या कुणाला देऊ नका. चला, चारच्या आत पोचायचंय. पट्टी लावायची तर आत्ताच लावून टाका.

(तिघं पडद्याआड, तपासायच्या पलंगापाशी.)

डॉक्टर : जागा कोरडी आहे. आता लावा आणि वरून नुसता तळहात धरा, थोडा वेळ.

नवरा : नुसता हात? तेवढ्याने धरेल?

डॉक्टर : हाताची ऊब पुरते तिला.

ड्रायव्हर : हात असा अधांतरी कशाला धरलाय? ट्रकची चाकं उचलता तेव्हा नाही कचरत.

नवरा : आता भीती वाटते गं.

ड्रायव्हर : धरा नीट. काही होत नाही.

डॉक्टर : बस, झालं. काढा हात.

नवरा : काढतो. तिला उकडत असेल. आणि चारला डेपोत पोचायचंय.

ड्रायव्हर : राहू द्या जरा. घाई कुणाला आहे?