सेंट हेलेनाची दोन वर्षं

नाही, उठू नका संजयदादा, चहा घ्या – सल्ला बसून दिला होतात ना, आता बसूनच ऐका. रीडिंग गावातल्या मराठी मंडळाचं दिवाळीचं जेवण, तुमच्या हातात बासुंदीची वाटी – ‘अरे क्षितिज, सेंट हेलेना म्हणजे ब्रिटिशच की. झेंडा तोच, राजा तोच. दोन वर्षं तिथल्या हॉस्पिटलात काढ, इथली तीन झालीच आहेत, पाच भरली की टाक आयएलआरचा अर्ज, कायमचे इथले व्हाल.’ तीन अधिक दोन. काल वकीलबाईंनी त्याचं शून्य केलं. बेट ब्रिटिश आहे हो, पण युनायटेड किंगडम नाही – स्वतःचे कायदे, निवडून दिलेल्या बारा जणांची कौन्सिल, वर लंडनने पाठवलेला गव्हर्नर. आधी तर ते कंपनीचं होतं – हो, तीच, आपली ईस्ट इंडिया – जहाजं थांबवायला, पाणी भरायला. मग १८३४मध्ये राजाकडे गेलं. हे सगळं मला पाठ आहे. राज्यशास्त्रात एम.ए. ना मी, कौन्सिलच्या बैठका रेडिओवर ऐकायचे तिथे, भेंडी नाही म्हणून कोबी चिरत – आणि स्वतःच्या व्हिसाचं राज्यशास्त्र? आमची अन्वी इथे जन्मली, आम्ही कायमचे झालो की तिचा पासपोर्ट. आता पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे ती आठ वर्षांची होईपर्यंत थांबा. तेही क्षितिजची नोकरी टिकली तर.

काय? आधी नीट वाचायला हवं होतं? – वाचलं होतं की. हीथ्रोला, गेटवर, फोनवर. एकच ओळ होती – बेटावरची वर्षं धरत नाहीत. म्हणजे – अन्वी रडत होती, आणि मी काय, विजेचं बिलसुद्धा चुकीचं वाचते, म्हटलं हेही तसंच असेल – नाही. तसं नव्हतं वाटलं. कळलं होतं. पण क्षितिज समोर बॅगेवर बसून शीळ घालत होता. वर्षभर इथे वॉर्डमधून यायचा तो भिंतीशी बोलल्यासारखा बोलायचा माझ्याशी, तेही मीठ मागायला. तिथे दुपारी जेवायला घरी येणार होता. मी फोन पर्समध्ये टाकला.

आलाही. रोज, एक वाजता.

नाही, त्याला माहीत नाही. तो तुम्हालाच शिव्या देतो, आणि मी हो ला हो करते – असे बघू नका, सल्ला तुमचाच होता.

त्याची गाडी लागली वाटतं खाली. कप राहू द्या. मागच्या दाराने जा.