गरिबी मोजायला आलेली पाहुणी

— नाही नाही मॅडम, तिथे नाही, दाराशी कशाला बसताय! फटीतून वारा येतो, आणि लोक काय म्हणतील — सरकारचं माणूस एसेन्गेल्दीच्या घरी आलं आणि त्यानं उंबऱ्यावरच बसवलं? इकडे वर या, मानाच्या जागी, समोरच्या भिंतीशी, दुहेरी गादी घातलीय बघा. कामाला आलात, ठाऊक आहे मला, काम काय वर बसून होत नाही? कागद मांडीवर घ्या, खाली ही उशी ठेवा. हां. आता चहा. आणि हात लावा बरं कशाला तरी, नुसतं बघत बसू नका — काय लिहिलंत? आत्ता काहीतरी लिहिलंत. सतरा वर्षं मी नोव्होसिबिर्स्कच्या बाजारात सपाता विकल्यात मॅडम, समोरच्याचा हात पाकिटाकडे चाललाय की नुसता खाजवायला, ते मला मान न वळवता कळतं. दस्तरखानावरचं लिहिलंत ना? तळलेले बोरसोक, लोणी, दोन तऱ्हेचा मुरंबा, मनुका, चॉकलेटं — अहो खोडा ते! आमचं नाहीये ते. लोणी शेजारच्या जिपारचं, मुरंबा माझ्या मेहुणीचा, आणि चॉकलेटं सकाळी दुकानातून आणलीत, दुकानदार म्हणाला, पुडा फोडला नाहीत तर परत घेतो — नाही नाही, तसं नाही म्हणालो मी, फोडा तुम्ही, फोडा, हा बघा मीच फोडला. घ्या.

मग मांडलं कशाला, म्हणता? आता हा काय प्रश्न झाला! तुम्ही नारिनच्याच ना? बोलण्यावरून वाटलंच. तुमच्या वडिलांच्या घरी कुणी आलं, तर ते काय समोर कोरी चादर पसरतात आणि म्हणतात, बघा, आम्ही किती गरीब आहोत? नाही ना? मग मी कसा पसरू? माझी सायराकुल सकाळी म्हणत होतीच — सायराकुल म्हणजे माझी बायको, आत शेवयांची पोळी लाटतेय, ऐकू येतंय ना लाटणं — ती म्हणाली, अहो, ती बाई आपल्याकडे काही नाही हे बघायला येतेय, तिला काही नाही तेच दाखवा. मी म्हटलं, आधी पाहुणी, मग तपासणी. माझी जन्माची सवयच उलटी आहे, मॅडम. बाजारात गाळ्यावर माल संपत आला ना, की मी रिकाम्या खोक्यांत वर्तमानपत्रं कोंबून ती वर रचून ठेवायचो. भरलेलं दुकान दिसलं तरच गिऱ्हाईक थांबतं. रिकाम्या दुकानावर दया येते, पण दया आलेलं गिऱ्हाईक दोन पावलं लांबूनच जातं. सतरा वर्षं मी रिकामं भरलेलं दाखवलं, आणि आता सरकार म्हणतं, रिकामं ते रिकामंच दाखव. वेळ लागणार की नाही हात वळायला?

अर्ज नातवंडांसाठी आहे. तिघं. शाळेत गेलीत आत्ता, धाकटी बालवाडीत — दाखले आहेत सगळे, ती निळी फाइल. माझी मुलगी मेरगुल आणि जावई कझानला शिलाईच्या कारखान्यात होते, कारखाना वसंतात बंद पडला, तेव्हापासून तीच दुसऱ्यांकडे राहतायत, ती काय पाठवणार? माझा गुडघा तर बघितलाच तुम्ही, फाटकापासून इथपर्यंत तुमच्याआधी पोचलो नाही मी. आता सरळच सांगतो, म्हणजे तुम्हालाही लिहायला सोपं. पोरांचे पैसे मंजूर झाले तर कोळसा येतो, तीन जोड बूट येतात, मी घरी राहतो. नाही झाले तर महिनाअखेरीला बस पकडून मी परत सायबेरियात. अठ्ठावन्नाव्या वर्षी, या गुडघ्यावर. आणि सायराकुलनं सांगून ठेवलंय — ओरडून नाही हो, ओरडली असती तर मी घाबरलो नसतो — पीठ चाळता चाळता म्हणाली, आता गेलात तर तिकडेच राहा. झालं. तेवढंच.

आधीचा अर्ज का फेटाळला? हां, ते फाइलमध्ये असणारच. त्याची गंमतच आहे, ऐका. मी मार्चमध्ये आलो. सतरा वर्षांनी माणूस गावात उतरतो म्हटल्यावर अर्धं गाव थांब्यावर. आता त्यांच्यासमोर मी काय घालून उतरू? माझ्या अंगात कातडी कोट होता, हा असा गुडघ्यापर्यंत. माझा नाही, बाजारातल्या एका उझ्बेक गाळेवाल्याचा. बिश्केकला त्याच्या भावाला पोचवायचा म्हणून दिलेला. म्हटलं, आठवडाभरानं देऊ. त्या कोटानं घात केला माझा! कोट बघितला आणि गावातले म्हातारे माझा हात दोन्ही हातांत घेऊन विचारायला लागले, काय एसेन्गेल्दी, किती गाळे? मी म्हणणार होतो एक. तोंडातून निघालं, तीन. मग म्हणे, घर? म्हटलं, फ्लॅट आहे, खिडकीतून नदी दिसते. मग आलोच आहे तर मेजवानी नको? मेंढीवर भागलं असतं का, नदी दिसणाऱ्या माणसाचं? घोडी कापली मी. घोडी! घोडी घ्यायला सायराकुलची गाय विकली. म्हणून तर लोणी जिपारचं. — आता तेही लिहिताय? बरं, ते लिहा, गाय नाही हे लिहाच.

आणि त्या मेजवानीला तुमच्या आधीचे साहेब आले होते. त्यांना मी माझ्या हातानं मानाचं हाड वाढलं, मांडीचं, चरबीसकट. सप्टेंबरात मी अर्ज घेऊन ऑफिसात गेलो, टेबलामागे तेच. अर्ज वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "एसेन्गेल्दी आके, काय थट्टा करताय? तुमच्या घोडीची चव अजून जिभेवर आहे माझ्या." गरिबी सिद्ध करायला गेलो तर साहेबांच्या पोटातच पुरावा!

तेव्हापासून गावात हे असं. कुणाचं लग्न निघालं की पहिला माणूस माझ्या दारात. कुणी वारलं की मेंढी एसेन्गेल्दी देईल. दिली की. दोन दिल्या. नाही कसं म्हणणार? नदी दिसते ना खिडकीतून. आणि यावेळी तुमच्या ऑफिसनं सांगितलं, पाच शेजाऱ्यांच्या सह्या आणा की हे कुटुंब गरजू आहे. घरोघर हिंडलो. लोक हसून चहा देत, सही देत नसत. समोरचा तेमिरबेक म्हातारा म्हणाला, "अरे, शपथेवर खोटं लिहायला लावतोस होय या वयात? तुझ्यासारखे लोकच सरकारला लुटतात." माझ्या तोंडावर! मी गरीब नाही हे त्यानं इतक्या आदरानं सांगितलं मॅडम, की मला क्षणभर बरंच वाटलं. शेवटी काय केलं — तिकडून विकायला आणलेल्या मालातले पाच थर्मास उरले होते. पाच सह्या, पाच थर्मास. तेमिरबेकानं लाल रंगाचा मागून घेतला. म्हणजे बघा, गरिबीचा दाखलासुद्धा मला श्रीमंतासारखा — हे नका लिहू. हे आपलं बोलण्यात आलं. सह्या खऱ्या आहेत, गरिबी खरी आहे, मधला थर्मास तेवढा सोडून द्या.

कसला आवाज? मेंढी? असेल शेजारची. ... बरं, बसा, बसा, उठू नका, बाहेर चिखल आहे. आहेत तीन, मागच्या वाड्यात. तुम्हाला मोजायच्याच आहेत तर तीन लिहा. मेहुण्यानं सांगितलं होतं, तपासणीच्या दिवशी माझ्याकडे हाकलून दे, रात्री परत ने, सगळे तेच करतात. सगळे म्हणजे — नावं मी सांगणार नाही, पण आज तुम्ही मेहुण्याच्या वाड्यात डोकावलात तर या गल्लीतली अर्धी गरिबी तिथे चरताना दिसेल. मी नाही नेल्या. लपवायला माझ्याकडे आहे काय? तीन मेंढ्या नियमात बसतात, मी विचारून आलोय. अर्जात चार? हो, अर्ज दिला तेव्हा चारच होत्या. चौथी — आता काय सांगू. चौथीचा वास येतोय ना तुम्हाला मघापासून? आतल्या पातेल्यात आहे ती. तुमच्यासाठी कापली सकाळी. — असं बघू नका हो! पहिल्यांदा घरात पाय ठेवलात, सरकारी माणूस, एवढ्या लांबून थंडीत आलात, तुम्हाला काय बटाटे घालू? आणि हिशोब बघा की, तुम्ही यायच्या आधी माझ्याकडे चार होत्या, तुम्ही आलात आणि तीन राहिल्या. तपासणीनं माणूस आणखी गरीब होतो, हे लिहा वर कळवायला! — हसलात. चला, हसलात तरी. लाच? छे, छे, पोरी, लाच पाकिटात देतात, ही तर शेवयांबरोबर खायची. नाही चालत? एक तुकडासुद्धा? रस्सा तरी? बरं. राहू दे. सायराकुलला वाईट वाटेल, पण राहू दे.

अजून काय उरलं? ही ओळ? कुठली, वाचा ना. ... "नोव्होसिबिर्स्क येथे भागीदार रिनात याच्याकडे गाळेविक्रीची रक्कम येणे आहे, वसंतात मिळेल." हे कुणी लिहिलं? अक्षर — सायराकुलचं आहे. अर्जाचा तो भाग तिनं भरला, माझा चष्मा फुटला होता. मी वाचला नाही मग. सगळं खरं लिहा असं छापलंय ना वर, ती वाचते ते छापलेलं. हळू बोल पोरी, हळू, मधे नुसता पडदा आहे. म्हणजे या ओळीमुळे अडतं? परदेशात एवढी रक्कम येणार असेल तर मदत बसत नाही — बरोबर आहे, कशी बसेल, मी अधिकारी असतो तर मीही नसती दिली.

खोडून टाक ना. तू खोड. चुकून लिहिलं म्हण. नाही जमत? काय सांगू तुला — बरं, इकडे सरक. रिनात नाहीये. म्हणजे होता, बाजारात शेजारी होता, मोजे विकायचा, पण भागीदार कसला, मलाच कधी त्यानं सुटे दिले नाहीत. गाळा एकच होता, तोही चार वर्षांपूर्वी गेला, बाजारच उठला तो. त्यानंतर मी बर्फ लोटत होतो. पहाटे फावडं, दुपारी हातगाडी, आणि झोपायला मालाचा लोखंडी डबा, खिडकी नसलेला. घरी पाठवायचो ते फावड्याचे पैसे. गाय विकायची म्हणालो तेव्हा तिनं विचारलं, अहो, गाय विकून मग? तेव्हा काहीतरी तर सांगायला हवं होतं. म्हटलं, रिनातकडे आहेत आपले, येतील. तोंडातून गेलं. रिकामं खोकं होतं, वर ठेवून दिलं. आणि तिनं, बघ ना, आठ महिने ते उघडून बघितलं नाही, उलट सरकारच्या कागदावर लिहून दिलं. जिपारला सांगते, वसंतात गाय घेऊ, तांबडी घेऊ.

म्हणजे दोनच वाटा, असं ना? ओळ राहिली तर पोरांचे पैसे नाहीत, आणि मी बसमध्ये. ओळ खोडायची तर मी स्पष्ट सांगायचं, तू लिहायचं, आणि खाली माझी सही. सांगितलं की आत्ता. हळू सांगितलेलं चालत नाही? पुन्हा विचारतेस? बरं, विचार. नियमच आहे तुझा, तुला काय बोलू. — परदेशात गाळा? नाही. फ्लॅट? नाही. भागीदार? नाही. कुणाकडून काही येणं? नाही. काही नाही. लिही, एसेन्गेल्दीकडे तिकडे काही नाही आणि चार वर्षांपासून नव्हतं. झालं?

... लाटणं थांबलंय.

सायराकुल? अगं, कागदाचं काम चाललंय नुसतं, तसं लिहावं लागतं — हात तरी पूस, पीठ आहे हाताला, पेन कशाला घेतेस? ... तूच खोडतेयस? हळू, कागद फाटेल. ... तिचीही सही लागते होय तिथे, बायकोची? हो, बघ, केलीच तिनं. ... सायराकुल, अगं थांब जरा, इथे बस क्षणभर, पाहुणीसमोर तरी —

गेली आत. पडदाही ओढून घेतला.

ऊठ आता, पोरी. नाही, चहा राहू दे, झाला चहा. काय ठरवायचं ते तुझ्या साहेबांना ठरवू दे, कागद पुरा झाला ना तुझा? तुझे बूट तिथे शेगडीशी ठेवलेत, सुकले असतील. फाटकापर्यंत पोचवायला यायची रीत आहे, माहीत आहे मला. आज नाही येत मी. मला आत जायचंय. दार ओढून घे.