शेवटच्या रांगेतली सुमंगला

म्हापशाच्या स्टँडवर पेडण्याच्या बससाठी ऋतिका रांगेत उभी होती, धुळीमुळे तोंडाला ओढणी गुंडाळून. पुढे दोघी बाजारकरणी. त्यांतली एक ऋतिका शिकवायची त्या व्यायामवर्गातली सुमंगला. सहा महिने शेवटच्या रांगेत उभी राहून एकदाही गुडघा न उचललेली. उद्यापासून येऊ नका, असं तिला सांगायचं ऋतिकाने ठरवूनच टाकलं होतं.

“तू गो कसला व्यायाम करतेस?” सोबतिणीने सुमंगलाला विचारलं.

“मी कुठे करते? मी ऐकायला जाते.”

“काय ऐकायला?”

“ती बाय ओरडते ते. ‘सोडायचं नाही! अजून चार! वा, वा!’ गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आमचे हे खुर्ची सोडीनात. डॉक्टर थकला, पोटचा झील थकला. मग मी तिचं एकेक वाक्य घरी नेलं.”

“आणि चालले?”

“पहिल्या दिवशी जनेलाशी जाऊन बाहेर बघून आले. आता पोदेर पाव घेऊन दारात येतो, तरी हे चालत त्याच्या भट्टीवर जातात.”

“ते का गो?”

“घरात मी ओरडते ना!”

बस आली. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सुमंगलाने उंच पायरीवर एक पाय टाकला आणि तिथेच अडकली. मागची रांग कुरकुरली. ओढणीआडून ऋतिकाच्या तोंडून सुटलंच, “गुडघा वर! सोडायचं नाही!”

सुमंगला झटक्यात चढली. मागे वळूनही न बघता म्हणाली, “ऐकलंस? माझ्या कानातच राहायला आलीय ती बाय. आता ‘वा, वा’ म्हणेल बघ.”

“वा, वा!” मागून आलं.