आमच्या गावची चढी पेटी

सन्माननीय अध्यक्ष नेमसिंगजी, व्यासपीठावरचे पाहुणे, गावोगावच्या भजनी मंडळांतले गाणारे-वाजवणारे, माताभगिनींनो, आणि आज आपला निरोप घेणाऱ्या मिराबाई. बाई, ‘रागिणी, थोडक्यात बोल’ असं तुम्ही दारातच बजावलंय. बघू कितपत जमतं ते.

सत्त्याण्णव साली, आपला जिल्हा अजून परभणीच होता तेव्हा, कॉलेजनं मला कामाचा अनुभव घ्यायला कळमनुरीला या संस्थेत पाठवलं. भजनी मंडळांची बंद पडलेली वाद्यं बाई इथं फुकट दुरुस्त करून देत. मला वाटलं, टेबल-खुर्ची मिळेल. बाईंनी पुढ्यात उघडी पेटी ठेवली अन् तिच्या सुरांच्या पट्ट्या घासायला हातात कानस दिली.

इकडे आमचे आबा, माझे वडील मसाजी, मेंढरांमागं फिरणारा माणूस. त्यांनी सांगून ठेवलं होतं, “दिवाळीपस्तोर बगतो. पोटापाण्याचं काई शिकलीस तर ठीक, न्हाई तर सोयरीक आलेलीच हाये.” दिवाळी जवळ येत गेली तशी माझी झोप उडाली.

बाईंचा दंडक तुम्हाला माहीतच आहे. ज्यानं पेटी दुरुस्त केली, त्यानंच ती गावात नेऊन पहिला सूर धरायचा. माझ्या वाट्याला नेमकी आमच्याच गावची पेटी आली. त्यात बाई नांदेडला गेलेल्या, सूर मिळवायची शिट्टी त्यांच्याच पिशवीत. आता सा आणावा कुठून? माझ्या कानात लहानपणापासून एकच सूर पक्का होता, आबांच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातल्या घंटीचा. मी अख्खी पेटी त्याच्यावर लावली; तो नेहमीच्या सुरापेक्षा बराच चढा आहे, हे ध्यानातच आलं नाही.

मारुतीच्या देवळात भजन सुरू झालं. पुढची गंमत इथल्या निम्म्या लोकांना पाठ आहे. दुसऱ्याच अभंगाला आमच्या मंडळाचे म्होरके गाणारे परमेश्वरबुवा, त्यांचा आवाज फाटला. “काहून गं पोरी, आमाला ढगात पाठवून राहिली का?” सगळं देऊळ हसलं. नांदेडहून थेट देवळात आलेल्या बाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. मी मनात म्हटलं, झालं, लागलं आपलं लग्न.

तेवढ्यात पारावर पाठ करून बसलेले आबा उठून दारात आले. म्हणाले, “ही तर आपल्या म्होरक्याची घंटी हाये.”

“व्हय मसाजी,” बाई म्हणाल्या. “पोरीनं नुसती आठवून लावली. असा कान मला शिकवता येत न्हाई. बाकीचं मी शिकवते.”

आबा चपला काढून आत आले, बाईंसमोर बसले. मग म्हणाले, “पावण्यायला सांगतो, पोरगी कामाला हाये म्हणून.”

त्यानंतर बाईंनी मला काय नाही शिकवलं? भाता शिवण्यापासून चारचौघांत उभं राहून बोलण्यापर्यंत सगळं. आज हिंगोलीत माझं दुकान आहे, हाताखाली दोन पोरी आहेत. बाईंनी मला पोरीसारखं वागवलं, हे मी इथं सगळ्यांसमोर सांगते.

आबा चार वर्षांमागं गेले. कळप विकला, घंटी त्याच्यासोबत गेली.

मागच्या आठवड्यात परमेश्वरबुवा तीच पेटी घेऊन आले. बाई म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यापासून संस्थेचं काम तुझ्याकडं. तूच ठरव.” मी बुवांना विचारलं, “सूर उतरवून देऊ का?”

बुवा म्हणाले, “भाता बदल, कातडं बदल. सुराला हात लावू नको. पेटी वाजली की वाटतं, मसाजी मेंढरं घेऊन घरला आला.”

बाई, तुमचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलता बोलता काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर घरचीच पोरगी समजून सांभाळून घ्या.