मशीनला कळेना मार्गशीर्ष

तुम्हाला सांगते, नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा आमचे हे तिथे मॅनेजर होते. उद्या कापसाच्या गाड्या किती येतील आणि हमाल किती बोलवावेत, हे मॅनेजरला सांगणारा प्रोग्राम पुण्याचा एक इंजिनिअर तयार करत होता. पण लागोपाठ दोन शुक्रवार फसले. मशीनने चाळीस गाड्या सांगितल्या, आल्या नऊ! संचालक म्हणाले, "आणखी एकदा चुकलं तर हे खोकं परत न्या."

बिचारा इंजिनिअर आमच्याकडे आला. यांना म्हणाला, "साहेब, मशीन नव्हतं तेव्हा तुम्ही कसं ठरवत होता?"

"मले काय इचारता, हिले इचारा नं!"

मी म्हटलं, "भाऊ, मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाया लक्ष्मीचं व्रत करतात. वेचायला कोण जाईल? मग शुक्रवारी कापूस येईल कुठून?"

त्याने भराभर लिहून घेतलं. पुढच्या शुक्रवारी मशीनने दहा गाड्या सांगितल्या, आल्या अकरा. पेढे घेऊन धावत आला. "वहिनी, आता दरवर्षीसाठी याच तारखा घालून ठेवतो."

"तसं नका करू भाऊ, पुढच्या साली अधिक महिना आहे, मार्गशीर्ष पुढे सरकेल."

त्याने पेढ्यांचा पुडा खाली ठेवला आणि वही उघडली. "पंचांग आणा वहिनी. आज शिकूनच जातो."